कधी घेतलंच नव्हतं ते कॉम्प्रेशन

बराच काळ उभी असलेली स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार असेल, तर हे वाचून मगच गॅरेजची पायरी चढा. अशा गाडीचा मालक आधीच धास्तावलेला असतो, आणि काही लोकांना फसवायला तेवढंच पुरतं.

माझी गाडी दोन सीटची, व्ही-६ इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलेलं. दोनेक वर्षं कव्हरखाली होती. नवी बॅटरी टाकल्यावर सुरू झाली, पण आयडलिंगला थरथर आणि रेस दिली की मिसिंग. चढावर तर पिकअपच नाही. चेक इंजिनचा दिवा आधी नुसता लागलेला असायचा, मग लुकलुकायला लागला. तो लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये चाललेलं असतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून बाद होऊ शकतो. म्हणून गाडी टो करून एका 'स्पोर्ट्स कार स्पेशालिस्ट'कडे नेली.

त्याने स्कॅनर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, स्क्रीन स्वतःकडेच ठेवली आणि सांगितलं, "साहेब, ईसीयू गेलाय." ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. तो बदलल्याचं बिल मी भरलं. गाडी दिवा विझलेल्या अवस्थेत घरी आली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणे इंजिनच थकलंय. साध्या कागदावर ६ सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे (पिस्टन हवा दाबतो तेव्हाच्या दाबाचे) आकडे लिहून दिले: पुढच्या बँकेचे, म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या रांगेचे, ३ ठीक, मागच्या बँकेतले २ अगदी पडलेले. इंजिन खोलायचं एस्टिमेट आणि त्यावर अ‍ॅडव्हान्स. तोही दिला.

त्यांची तारीख पुढेपुढे जात राहिली, तेव्हा गाडी उचलून ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांना दाखवली. त्यांनी कागद वाचला, टॉर्च घेऊन इंजिनवर वाकले आणि म्हणाले, "अहो, मागचे स्पार्क प्लग काढायला हे वरचं हवा नेणारं इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. याच्या बोल्टांना पाना लागलेलाच नाही." बोल्टांच्या डोक्यांवर धुळीचा अखंड थर होता, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. प्लग काढून त्या भोकात गेज लावल्याशिवाय कॉम्प्रेशन मोजता येत नाही. म्हणजे ते आकडे बसल्याजागी लिहिलेले होते! 'नव्या' ईसीयूवरचं स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली जुनं स्टिकर.

स्कॅनर कोड पुसतो तेव्हा दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो. बहुतेक गाड्यांमध्ये कोड पुसल्यापासून किती अंतर कापलं हेही साठवलेलं असतं आणि साध्या स्कॅनरवर वाचता येतं. 'दुरुस्त' गाडी ताब्यात घेताना तो आकडा पाहा. शून्याच्या आसपास असेल, तर कोड पुसल्यानंतर गाडी चालवून पाहिलेलीच नाही.

काकांनी कोड माझ्यासमोर वाचले: मिसफायरच्या जोडीला पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे दोन्ही बँकांना हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. एकच बँक असती तर शोध त्या बाजूला घ्यायचा; दोन्ही एकदम असतील तर कारण सहसा सामाईक असतं, एकतर कुठूनतरी जादा हवा शिरते किंवा पेट्रोल कमी येतं. हे वेगळं करायला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा, बघतात. रबरी पाइप तडकून हवा शिरत असेल तर ट्रिम आयडलिंगला खूप वाढलेला दिसतो आणि रेस वाढवली की खाली येतो. माझ्या गाडीत उलटं होतं, जितका लोड जास्त तितका ट्रिम वर. प्रेशर गेज लावल्यावर तेच दिसलं: आयडलिंगला दाब ठीक, जोर दिला की कोसळायचा.

टाकी उघडली तर पेट्रोलचा नेहमीचा वास गेलेला, व्हार्निशसारखा उग्र वास येत होता. ठेवलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट गोंद होतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावाही ओढतं. पंपाची जाळी त्या गोंदाने बुजली होती. टाकी रिकामी करून धुतली, जाळी आणि फिल्टर बदलले, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून मशीनवर साफ केले, ताजं पेट्रोल भरलं. मॅनिफोल्ड उतरवलंच होतं, म्हणून परत बसवायच्या आधी काकांनी सगळे प्लग काढून, चार्ज केलेल्या बॅटरीवर खरं कॉम्प्रेशन घेतलं. सहाही आकडे एकमेकांच्या जवळ. (बॅटरी उतरलेली किंवा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद असेल, तर चांगलं इंजिनही कमी आकडे दाखवतं, तेवढ्यावर घाबरवणारेही भेटतील.)

तेव्हा कॉम्प्रेशन तुमच्यासमोर घ्यायला लावा, निदान गेजचे फोटो मागा. स्कॅनरची स्क्रीन स्वतः बघा. 'ईसीयू गेला' असं कोणी म्हटलं, तर आधी पेट्रोलचा दाब किती आला ते विचारा. गाडी सोडण्यापूर्वी महत्त्वाच्या पार्टांचे सीरियल नंबर फोटोत घ्या आणि बदललेला पार्ट परत मिळेल असं बिलावर लिहून घ्या.

फोटो घेऊन मी त्या स्पेशालिस्टकडे गेलो. "कॉम्प्रेशन घेणारा पोरगा काम सोडून गेला," असं तो म्हणाला. धुळीचा फोटो पुढे ठेवल्यावर अ‍ॅडव्हान्स परत केला. ईसीयूच्या बिलावर मात्र तो अजून अडून आहे. ग्राहक आयोगाच्या तक्रारीला ते जुनं स्टिकर जोडलंय.