ई-कचरा प्लांटमध्ये कन्व्हेयर की एजीव्ही?

तळोज्यासारख्या औद्योगिक भागात शेड घ्यायची तर फुटाफुटाचा हिशोब करावा लागतो. म्हणून माल हलवायला कन्व्हेयरचा सरकता पट्टा बसवायचा की एजीव्ही, म्हणजे आपोआप चालणाऱ्या गाड्या, हे आधी सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या मॉडेलमध्ये) तपासावं.

कन्व्हेयरचं मॉडेल सोपं: पट्ट्याची लांबी, वेग, बिघाड. कचऱ्याचे तुकडे करणाऱ्या श्रेडरला सलग माल लागतो, तिथे त्याला तोड नाही. पण एक पट्टा अडला की मागची सगळी लाईन थांबते.

एजीव्हीचं काम किचकट. गाड्या किती, चार्जिंग कधी, अरुंद वाटेत दोन समोरासमोर आल्या तर मागे कोणी सरायचं, सगळं मॉडेलमध्ये घालावं लागतं. आवकीची नुसती सरासरी धरली तर मात्र हमखास फसगत होते. एका ट्रकमध्ये पिक्चर ट्यूबवाले जुने टीव्ही, दुसऱ्यात नुसते मोबाईल. टीव्हीच्या काचेत शिसं, ती वेगळी ठेवायची; मोबाईलची लिथियम बॅटरी श्रेडरआधी काढायचीच, नाहीतर आगीचा धोका. पावसाळ्यात रखडणारे ट्रकही धरा.

माझा कौल: सुटे भाग करण्याच्या टेबलांपर्यंत एजीव्ही, पुढे श्रेडरपर्यंत कन्व्हेयर. गाड्या वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर काम वाढत नाही, फक्त गर्दी वाढते. तो टप्पा मॉडेलमध्ये सापडेपर्यंत ऑर्डर देऊ नका.