स्क्रीन आणि प्रिंट ‘शंभर टक्के जुळवून देतो’ म्हणणाऱ्याने माझे १४,३४८ रुपये नेले

आधी आकडा सांगते, कारण घरातसुद्धा तो पूर्ण सांगायला मला तीन आठवडे लागले. चार हप्त्यांत १४,३४८ रुपये. शिवाय वाया गेलेले ६२ फोटो पेपर आणि रद्दी झालेला शाईचा एक सेट. बदल्यात मला चार नावांच्या, पण खरं तर दोनच फाइली मिळाल्या, आणि त्या दोन्ही कुणालाही फुकट मिळतात.

मी काही कालपरवा कॉम्प्युटरला हात लावलेली बाई नाही. ऑफिसात दिवसभर मशीनसमोरच बसते, ओटीपी कुणाला सांगू नये हे मला माहीत आहे, लॉटरी लागल्याचे मेसेज मी न वाचता उडवते. पण इथे कुणी ओटीपी मागितलाच नाही. मला एक खरी अडचण होती, महिनाभर मी तिच्याशी झगडत होते आणि ती सोडवून देतो म्हणणारा माणूस मोठमोठे तांत्रिक शब्द अचूक वापरत होता. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही ऐकलं असतंत.

आई गेल्यावर तिचे जुने फोटो मी स्कॅन केले. निवडून ६० फोटोंचा अल्बम घरच्या प्रिंटरवर छापायचा होता. स्क्रीनवर फोटो इतके छान दिसायचे, आणि कागदावर आईचा चेहरा काळवंडलेला, डोळ्यांखाली सावल्या, मागची भिंत करडी. तोच फोटो पाच वेळा छापला, पाचही वेळा अंधारलेला. अशा दिवसांत एक जाहिरात दिसली: ‘घरच्या प्रिंटरवर १००% स्क्रीन मॅच, गॅरंटीसह.’

हे वाक्यच खोटं आहे, हे आज कळतं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत पाठवतो. स्क्रीनवरचे काही भडक निळे-हिरवे रंग शाईला गाठताच येत नाहीत. नीट काम केलं तर दोन्ही खूप जवळ येतात, पण शंभर टक्के कधीच नाहीत. जो शंभर टक्के म्हणतो त्याच्याशी पुढे बोलूच नका.

पहिला हप्ता २,९९९ रुपये, ‘मॉनिटर कॅलिब्रेशन’चा, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजेड ठरलेल्या मापावर आणण्याचा. त्या जाहिरातवाल्याने रिमोट ॲप टाकायला लावलं, माझा कॉम्प्युटर ताब्यात घेतला आणि १ तास ४० मिनिटं बाण इकडेतिकडे फिरवत राहिला. रंगीत चौकोन उघडायचा, बंद करायचा, ‘गॅमा २.२ वर आणतोय मॅडम’, ‘व्हाइट पॉइंट ६५०० वर बसवतोय’. शब्द सगळे बरोबर: गॅमा म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसतात ते, व्हाइट पॉइंट म्हणजे पांढरा किती पिवळसर की निळसर ते. नंतर मी शोधलं तर खरोखर हेच आकडे वापरतात. म्हणून तर विश्वास बसला.

आणि इथेच तो क्षण आला. रोज रात्री तो मला आठवतो. तो बोलत असताना मी मॉनिटर जरा माझ्याकडे वळवायला गेले आणि खालच्या कडेचं बटण माझ्या बोटाखाली दाबलं गेलं. रंगाचा मोड बदलला, सगळी स्क्रीन पिवळसर झाली. मी घाबरून विचारलं, ‘सर, पिवळं दिसायला लागलं हो, काही बिघडलं का?’ तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘नाही मॅडम, मीच केलंय ते. मला इथे दिसतंय, तुमचा व्हाइट आता परफेक्ट बसला.’

त्याला दिसतंय! बटण माझ्या बोटाखाली होतं. मॉनिटरच्या बटणाने जे बदलतं ते मॉनिटरच्या आतच बदलतं. रिमोट ॲपवरून त्याच्याकडे जातात ते फक्त चित्राचे आकडे. माझी काच किती उजळ आहे, पिवळी आहे की निळी, हे त्याला तिकडे कळणं शक्यच नव्हतं. माझ्या समोर धडधडीत पुरावा होता की हा माणूस थापा मारतोय. आणि मी काय केलं? ‘बरं झालं सर,’ म्हटलं. संकोच वाटला. तज्ज्ञ माणसाला कसं सांगायचं की अहो, बटण तर मी दाबलं? मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय मला २,९९९ ला नाही, पुढच्या ११,३४९ ला पडली. कारण तिथे थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मॉनिटर मोजायचा तर काचेवर उपकरण टेकवावं लागतं. त्याला कलरीमीटर म्हणतात. ते उपकरण तुमच्या खोलीत नसेल तर तुमच्या मॉनिटरचं कॅलिब्रेशन झालेलं नाही. समोरचा कितीही गोड बोलो.

दुसरा हप्ता ५,२५० रुपये. तीन प्रकारचे कागद, प्रत्येकाला ‘कस्टम प्रोफाइल’, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात हे कॉम्प्युटरला सांगणारी फाइल, दर कागदाला १,७५०. कल्पना चुकीची नाही, हेच तर दुखणं आहे. प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या प्रत्येक जोडणीला वेगळं प्रोफाइल लागतं, हे खरंच आहे. खरं काम करणारे लोक शेकडो रंगांच्या चौकोनांचा चार्ट रंगाची सगळी दुरुस्ती बंद ठेवून छापून घेतात, तो कागद प्रत्यक्ष मागवतात आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने एकेक चौकोन मोजतात. याने मला सांगितलं, चार्ट छापा आणि मोबाइलने फोटो काढून पाठवा. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मी डायनिंग टेबलावर दिव्याखाली धरून फोटो काढले. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मनाने ठरवतो, मेसेजमधून जाताना फोटो आणखी दाबला जातो. त्यातून प्रोफाइल कसलं बनणार? पंचवीस मिनिटांत तीन फाइली आल्या. पटकन काम करतो म्हणून मी त्याला चांगला शेरासुद्धा लिहिला. तो शेरा आता काढता येत नाही, तेही सांगते.

त्या फाइली लावल्यावर आईचा चेहरा काळवंडलेला होताच, वर लालसर जांभळट झाला. कारण त्याने फोटोच्या सॉफ्टवेअरमध्येही रंगाची दुरुस्ती चालू ठेवायला सांगितली होती आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. दोघांनी एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती केली. एका ठिकाणी चालू, दुसऱ्या ठिकाणी बंद, इतकं साधं आहे ते. तुमचे चेहरे अचानक जांभळट आले तर आधी हेच बघा, कुणाला पैसे देऊ नका.

पण त्याचं उत्तर तयार होतं: ‘मॅडम, शाईचा दोष आहे.’ तिसरा हप्ता ४,६०० रुपये, ‘मॅच गॅरंटी’ शाईचा सेट. डब्यावर ना कंपनीचं नाव, ना तारीख. माझी मूळ शाई अर्धी शिल्लक असताना मी ती काढून ठेवली. शाई बदलली की आधीची प्रोफाइल निरुपयोगी होतात, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. म्हणून तर लगेच चौथा हप्ता आला: नव्या शाईसाठी ‘फाइन ट्यूनिंग’, १,४९९ रुपये. प्रत्येक वेळी बिघडलेलं काम हेच पुढच्या मागणीचं कारण. आणि आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आपण पुढचे देत जातो. चौथ्या हप्त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग भाचा घरी आला. तोपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने फाइलच्या आतली माहिती दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम चालवला. प्रोफाइलच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच ती तयार झाल्याची तारीख लिहिलेली असते, फाइलचं नाव बदललं तरी ती बदलत नाही. पहिल्या हप्त्यात मिळालेली, ‘माझ्या मॉनिटरसाठी खास’ बनवलेली फाइल उघडली. आकार ३,१४४ बाइट्स. तारीख ९ फेब्रुवारी १९९८.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘ही साधी एसआरजीबीची, म्हणजे सगळ्या स्क्रीनसाठीच्या सर्वसाधारण रंगमापाची फाइल आहे. जगभरातल्या कॉम्प्युटरांत पडलेली असते. नुसतं तुझं नाव टाकलंय.’

माझा मॉनिटर चार वर्षांपूर्वीचा आहे. मग त्याने कागदाच्या तीन फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. तिन्ही एकच. नावं वेगळी, आतला मजकूर अक्षरशः तोच. आणि आत नाव होतं एका कागद कंपनीच्या भलत्याच कागदाचं, भलत्याच प्रिंटरचं. कंपनी ती फाइल आपल्या साइटवर फुकट देते. एका फुकट फाइलचे मी तीनदा १,७५० दिले.

आता तक्रारीचं ऐका. बँकेत गेले. ‘पिन तुम्हीच टाकलात, मग हा अनधिकृत व्यवहार होत नाही.’ मी म्हटलं, चोराच्या हातात पैसे मीच ठेवले म्हणजे तो चोर नाही का? त्यांनी एक फॉर्म दिला. आठ दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय निकाल, तो लिहिला नव्हता. पेमेंट ॲपवाल्यांनी कळवलं की दुकानदार पडताळणी केलेला आहे. कुणी केली पडताळणी? कसली? ज्याला पत्ता नाही, फक्त नंबर आहे, त्याची पडताळणी कशी होते? जाहिरात दाखवणाऱ्या साइटने सांगितलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. ती जाहिरात मला कालही दिसली. पैसे घेऊन जाहिरात दाखवतात, मग हात झटकतात.

पोलीस चौकीत मी दोन प्रिंट घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी प्रिंट हातात घेतली आणि म्हणाले, ‘फोटो तर छापलाय की.’ मी तारीख दाखवली, तीन सारख्या फाइली दाखवल्या. ‘सेवा आवडली नाही, हा दिवाणी वाद आहे, ग्राहक तक्रार करा.’ ग्राहक तक्रारीला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधायला पोलीस लागतात. पोलीस म्हणतात ग्राहक तक्रार करा. दोन अर्ध्या रजा आणि एक पूर्ण रजा यात गेली. कुणीही त्या फाइलची तारीख वाचण्याची तसदी घेतली नाही. माझ्या आईचा जांभळा चेहरा टेबलावर ठेवून मी चाळीस मिनिटं बसले होते, तर एकाने त्यावर चहाचा कप ठेवला.

तुम्हाला प्रोफाइल विकत घ्यायचं असेल तर घ्या, चांगली माणसं आहेत या कामात. पण चार्टचा कागद पोस्टाने न मागवता फोटो मागितला की फोन ठेवा. फाइल आली की आधी आतली तारीख बघा. आणि रिमोट ॲप लगेच काढून टाका. मी चार दिवस काढलं नव्हतं, मग भाच्याने सगळे पासवर्ड बदलायला लावले.

भाच्याने एका मित्राकडून कलरीमीटर आणला. माझ्या स्क्रीनचा उजेड २९० कँडेला प्रति चौरस मीटर निघाला. छपाईसाठी तो साधारण ८० ते १२० लागतो. म्हणजे मी ढणढणीत उजेडात फोटो बघत होते आणि कागदाला अंधारा म्हणत होते. तो १०० वर आणला, मूळ शाई परत घातली, ड्रायव्हरमधली दुरुस्ती बंद केली, कागदाच्या कंपनीचं आमच्याच प्रिंटरचं फुकट प्रोफाइल लावलं. मग फोटो सॉफ्टवेअरमध्ये कागदासारखा दाखवून पाहिला, स्क्रीनवरही आता तो आधीपेक्षा मंद दिसत होता. सावल्या थोड्या उजळल्या, छापला. खिडकीशी नेऊन बघितला. आईच्या गालावरचा तीळ पहिल्यांदा कागदावर दिसला.

अल्बमचे ४१ फोटो झालेत, १९ बाकी आहेत. ९ फेब्रुवारी १९९८ या तारखेचा स्क्रीनशॉट काल चौथ्यांदा तक्रारीला जोडला.