पार्ल्यातला मॅग्नेटोचा क्लास: पैसे वसूल, फक्त पंख्याचं बघा

गेल्या महिन्यात पार्ल्यात विमानाच्या पिस्टन इंजिनाच्या इग्निशनचा शनिवार-रविवार क्लास केला. माझं भांडुपला बुलेटचं गॅरेज आहे, विमानाशी संबंध एवढाच की लहानपणी जुहू विमानतळाच्या भिंतीबाहेर तासन् तास उभा राहायचो. फी साडेतीन हजार, आधी जरा टोचलीच.

शिकवणारे काका रिटायर्ड मेंटेनन्स इंजिनीअर. पहिल्याच तासाला समोर मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारं यंत्र, ठेवला आणि म्हणाले, उघड. आत सगळी आपलीच मंडळी हो, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, डिस्ट्रिब्युटर! फक्त बॅटरी लागत नाही, आत मॅग्नेट फिरतो आणि करंट तिथल्या तिथे तयार होतो, म्हणजे हवेत बॅटरी-अल्टरनेटर दोन्ही मेले तरी प्लग पेटत राहणार. आणि असे दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग.

मला हलवून सोडलं ते स्विचने. बुलेटला चावी बंद म्हणजे करंट तुटला. इथे उलटं, ऑफ केलं की पी-लीड नावाची वायर कॉईलच्या प्रायमरी गुंडाळीला अर्थिंग देते आणि ठिणगी बंद होते, म्हणजे ती वायर तुटली तर चावी ऑफ आणि मॅग्नेटो जिवंत, कोणी सहज हाताने प्रोपेलर फिरवला तर इंजिन फायर होऊ शकतं. जुन्या चेतक स्कूटरवाल्यांना यात नवल वाटणार नाही, तिथेही असंच असायचं. काकांनी बेंचवर वायर सोडवून मला शाफ्ट हळूहळू फिरवायला लावला, स्प्रिंग ताणत गेली, मग टक्! आणि प्लगकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला निळी ठिणगी. हे टक् म्हणजे इम्पल्स कपलिंग. स्टार्टरवर इंजिन इतकं हळू फिरतं की मॅग्नेटला जोर येत नाही, म्हणून हे त्याला अडवून धरतं आणि एकदम सोडतं, ठिणगी जोरात पडते आणि थोडी उशिरा, त्यामुळे इंजिन उलटी लाथ मारत नाही.

टायमिंगला एक अख्खी दुपार गेली. लायकमिंग कंपनीच्या बऱ्याच विमान इंजिनांना पिस्टन टॉपला पोचायच्या २५ अंश आधी ठिणगी, पॉइंट झिजला की ती सरकते, म्हणून पॉइंट नेमका कधी उघडतो ते बझर लावून बघायचं. या मॅग्नेटोंना दर ५०० तासांनी उघडून तपासणी. माझ्या हातात आलेल्या डिस्ट्रिब्युटर ब्लॉकवर केसाएवढी काळी रेघ होती, मी फडक्याने पुसायला गेलो तर काका म्हणाले, 'अरे ती घाण नाही, करंटने पाडलेली पायवाट आहे.' ब्लॉक बाद.

प्लगचा भाग सगळ्यात भारी. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलात शिसं असतं, त्याचे राखाडी मणी प्लगच्या तोंडाशी बसतात, ते टोकरून काढायचे. परत लावताना तांब्याचा वॉशर नवा, टॉर्क (आवळायचा जोर) ३० ते ३५ फूट-पाउंड. माझ्या हातून एक प्लग पडला, वरून अगदी ठणठणीत दिसत होता, काकांनी न बोलता डब्यात टाकला. आतला सिरॅमिक तडकला असेल तर वरून कळत नाही म्हणे. गॅरेजमध्ये मी असे किती पडलेले प्लग पुसून परत लावलेत ते इथे लिहीत नाही.

तक्रारी आहेत. इंजिनाचा रनअप, म्हणजे उडण्याआधी इंजिन चालवून बघायची चाचणी, प्रत्यक्ष दाखवणार असं कबूल केलेलं, परवानगी मिळाली नाही म्हणून मोबाईलवर व्हिडिओ. त्यात सेस्ना १७२ एस हे छोटं विमान, १८०० आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात, आरपीएम १५० पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोघांतला फरक ५० च्या आत. अजिबात पडलाच नाही तर खूश व्हायचं नाही, मॅग्नेटो बंदच झाला नसेल, पी-लीड बघायची! व्हिडिओत समजलं सगळं, पण कानाने ऐकायचं होतं हो. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या पुसट की वायरिंगची आकृती मी परत पेनने गिरवली. आणि बारा जणांत एक टेबल फॅन, तोही काकांकडे वळवलेला.

पार्किंग नाही, लोकलनेच या. पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे, वरच्या पत्र्यामुळे पावसात काकांचा आवाज ऐकू येत नाही म्हणे.