अमेरिकी सरकारी शाळांतील प्रार्थना : शिक्षण खात्याची मार्गदर्शिका कितपत उपयोगी?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मे २०२३ ची ही मार्गदर्शिका मुख्याध्यापकांनी हाताशी ठेवावीच; मात्र २०२६ मध्ये तिच्या जागी नवी आली आहे, तीही पाहावी. तिच्यातला सर्वांत पक्का भाग विद्यार्थ्यांचा. मधल्या सुट्टीत किंवा जेवणाआधी मूल प्रार्थना करू शकतं, धर्मग्रंथ वाचू शकतं. त्या वेळी इतर गप्पांना, वाचनाला जेवढी मोकळीक तेवढीच याला. कविता लिहायला सांगितली आणि मुलाने ती प्रार्थनेच्या रूपात लिहिली, तर गुण साहित्यिक दर्जावर द्यायचे. प्रार्थना आहे म्हणून वाढवायचेही नाहीत, कापायचेही नाहीत. हे उदाहरण फार नेमकं आहे.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या एंगल निकालापासून शाळेने प्रार्थना घडवून आणणं घटनाबाह्य आहे. गोंधळ होतो तो शिक्षकांबाबत. त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या केनेडी निकालाने शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाची सामन्यानंतर मैदानावरची वैयक्तिक प्रार्थना ग्राह्य धरली. पण शिक्षकांच्या मर्जीसाठी मुलं सामील होऊ लागली तर काय, इथे मार्गदर्शिका तत्त्व सांगून थांबते. हीच तिची खरी उणीव; मैदानावरची दोन-तीन उदाहरणं हवीच होती.

विद्यार्थ्यांच्या क्लबसाठी १९८४ चा समान प्रवेश कायदा सोबत वाचावा. माध्यमिक शाळेत अभ्यासक्रमाबाहेरचा एकही क्लब चालत असेल, तर धार्मिक क्लबला नकार देता येत नाही. शिक्षकाने फक्त हजर राहायचं. बाहेरच्या व्यक्तीने तो चालवायचा नाही.

आणि १ ऑक्टोबर विसरू नका! तोवर शालेय जिल्ह्याने (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) राज्याला लेखी हमी द्यावी लागते, की आपलं कोणतंही धोरण संरक्षित प्रार्थनेच्या आड येत नाही.