गोळ्यांचे वेळापत्रक की डीबीएस शस्त्रक्रिया : पार्किन्सन्स असलेल्या घरासाठी एक तुलना

पार्किन्सन्सचे निदान झाल्यावर पहिली काही वर्षे लेवोडोपाच्या गोळीवर बरी जातात. पुढे गोळीचा अंमल दोन-तीन तासांतच उतरू लागतो, अंमल चढला की अंग आपोआप वळवळते, आणि मग न्यूरोलॉजिस्टकडे डीबीएसचा (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूला सौम्य विद्युत झटके देणाऱ्या उपकरणाच्या शस्त्रक्रियेचा) विषय निघतो. रुग्णाला काय मानवेल ते डॉक्टर सांगतातच. घरातल्यांचा दिवस कसा बदलेल हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ही तुलना त्या बाजूने केली आहे.

गोळ्यांवर राहायचे तर घर घड्याळावर चालते. आहारातली प्रथिने लेवोडोपाच्या शोषणाच्या आड येतात, त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यावी लागते आणि काहींना उसळ, अंडी, पनीर रात्रीसाठी राखून ठेवावे लागते. सकाळची गोळी लांबली की आंघोळ, सदऱ्याची बटणे, नाश्ता असे सगळेच लांबते, आणि दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकले की सोबतच्या माणसाला तिथेच उभे राहावे लागते. हा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती बरेचदा स्वतःही साठी ओलांडलेली पत्नी असते. जमेची बाजू अशी की मात्रा बदलता येते, दुसरे औषध जोडता येते आणि घेतलेला निर्णय मागे घेता येतो.

डीबीएसमध्ये मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवतात आणि त्याची बॅटरी छातीच्या त्वचेखाली असते. फ्रान्समध्ये ग्रेनोब्ल येथे न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी 1987 साली या पद्धतीची सुरुवात केली. योग्य रुग्णात अंमल उतरलेले तास कमी होतात, वळवळ आटोक्यात येते आणि अनेकदा गोळ्याही कमी होतात. मात्र गोळीने जे सुधारते तेच बहुतांशी शस्त्रक्रियेने सुधारते. कंप हा मोठा अपवाद: गोळीला न जुमानणारा कंपही शस्त्रक्रियेने कमी होऊ शकतो. तोल जाणे, गिळण्याचा त्रास आणि विस्मरण यांवर तिचा भरवसा धरता येत नाही, आणि काहींचे बोलणे आणखी अस्पष्ट होते. शिवाय मेंदूतील रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका थोडा असला तरी असतोच. खर्च काही लाखांचा असतो, साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि सुरुवातीचे काही महिने प्रोग्रॅमिंगसाठी (उपकरणाचा विद्युतप्रवाह जुळवून घेण्यासाठी) फेऱ्या होतात, म्हणजे नांदेड-लातूरकडच्या कुटुंबाला पुण्या-मुंबईतल्या मुक्कामाचाही हिशेब धरावा लागतो. (त्वचेखाली सुईवाटे सतत औषध सोडणारा ॲपोमॉर्फिनचा पंप हा मधला पर्याय आहे, पण सुई रोज बदलणारे माणूस घरात हवे.)

माझ्या मते घराला नेमके काय दमवते आहे यावरून कौल घ्यावा. गोळीच्या चढउताराने दिवस फाटत असेल आणि स्मरण शाबूत असेल, तर डीबीएसचा विचार लांबवू नये. उलट रात्रीचे भास, वाढते विस्मरण आणि गोळी लागू असतानाही होणारे पडणे यांनी घर थकले असेल, तर शस्त्रक्रियेने फारसे हाती लागणार नाही. तेच पैसे रात्रपाळीच्या मदतनीसावर आणि फिजिओथेरपीवर अधिक कामी येतात. भास औषधांमुळेही होत असू शकतात, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे, गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

भेटीला जाताना आठवडाभराची नोंद न्यावी: गोळी केव्हा दिली, केव्हा लागू झाली, केव्हा उतरली. मोबाईलवर दोन्ही अवस्थांचे चित्रण असले तर उत्तम. आणि निर्णय मुलगा घेणार असला तरी गोळ्या देणाऱ्या आईला त्या खोलीत खुर्ची हवी, कारण ‘दिवसात किती तास बरे जातात?’ याचे खरे उत्तर तिच्याकडेच असते.