तलाठी कार्यालय, वारस नोंद: पाचपैकी चार तारे

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी माहेरच्या सज्जाच्या (एका तलाठ्याकडच्या गावांच्या) तलाठी कार्यालयात तीन खेपा झाल्या. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात अजून भाऊसाहेबच.

पहिला अर्ज भावानं दिला होता. त्यात आई आणि दोघे भाऊ, आम्ही दोघी बहिणी नाहीच. भाऊसाहेबांनी वाचून विचारलं, "बहिणी किती?" भावासोबत गावातलं वजनदार माणूस होतं. पोरी दिल्या घरी सुखी आहेत, त्यांचं काही म्हणणं नाही, असं सांगून झालं. "त्यांना हक्क सोडायचा असेल तर त्या स्वतः हक्कसोडपत्र नोंदवतील. मी नाव गाळणार नाही," एवढंच उत्तर मिळालं आणि अर्ज परत. मला हे आईनं नंतर सांगितलं.

हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण गाव नमुना 6क, म्हणजे वारसांची नोंदवही, लिहिणाऱ्यानं "बहिणी किती?" हे विचारलंच नाही, तर तो कायदा आमच्या बांधापर्यंत येत नाही. आमच्या आत्यांच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर. पाचही नावांचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, अर्जाची सही-शिक्क्याची पोच. वारस ठरल्यावर फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, मग त्याची संबंधितांना कळवणारी नऊ नंबरची नोटीस आणि हरकतीसाठी 15 दिवस. चुलत्यांनी कार्यालयात येऊन आरडाओरडा केला, तेव्हा त्यांनाही खुर्ची दिली. "हरकत लेखी द्या, तुम्हालाही पोच देतो." हे मला फार आवडलं. ते माझ्या बाजूचे नव्हते, नोंदवहीच्या बाजूचे होते. लेखी हरकत आली नाही.

बाहेर एकानं दोन हजारांत लवकर करून देतो म्हटलं होतं. आत कुणी एक रुपया मागितला नाही. लाचलुचपत विभागाचा 1064 क्रमांक टेबलासमोरच्याच भिंतीवर आहे, दाराआड नाही.

एक तारा कमी का? दोन सज्जांचा भार एकाच माणसावर, त्यामुळे आठवड्यातून दोनच दिवस भेट. वार फलकावर असतात आणि पाळलेही जातात, पण लांबून येणाऱ्याला अवघड जातं. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ही तर चीड आणणारी गोष्ट आहे. पंचायतीनं आधी ते बांधावं.

काल 15 रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. आईच्या खाली आम्हा चौघांची नावं आहेत. धाकट्या बहिणीनं फोनवर तिचं नाव मला दोनदा वाचायला लावलं.