मँचेस्टरच्या परसात मॉथ ट्रॅप : दोन उन्हाळे वापरल्यावरचा रिव्ह्यू

बारावीच्या बायोलॉजीतला तो फोटो आठवतोय का, झाडाच्या खोडावर एकाच जातीचा एक काळा पतंग आणि एक पांढरट ठिपक्यांचा, खाली इंडस्ट्रियल मेलॅनिझम, म्हणजे कारखान्यांच्या धुराने काळे पतंग वाढत जाणं, असं लिहिलेलं. त्या गोष्टीतलं मँचेस्टर म्हणजे हेच, आम्ही सहा वर्षं इथे राहतोय, घरामागे बर्चची दोन झाडं आहेत, आणि तरी तो पेपर्ड मॉथ मी कधी बघितला नव्हता. भाचा सांगलीहून फोनवर म्हणाला, मामा तुमच्याकडचाच धडा चालू आहे, एक फोटो काढून पाठवा की. म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात ट्रॅप मागवला. सव्वाशे पाउंडाच्या आसपास पडला.

ट्रॅप स्किनर टाइपचा आहे. म्हणजे प्लायवूडची चौकोनी पेटी, वर ॲक्रिलिकच्या दोन पारदर्शक शीट आतल्या बाजूला उतरत्या, मधे बोटभर फट, आणि फटीच्या वर 20 वॉटचा ॲक्टिनिक, म्हणजे थोडा अतिनील उजेड देणारा बल्ब. उजेड निळसर असतो, डोळ्यांना फार त्रास नाही, शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही. पतंग बल्बाभोवती घिरट्या घालतात, शीटवर आपटतात आणि घसरत फटीतून आत जातात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावून ठेवायचे, त्याच्या खळग्यांत ते सकाळपर्यंत गप्प बसून राहतात. मरत वगैरे काही नाही, सकाळी बघायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं. पेटी उघडून पूर्ण सपाट होते, कपाटामागे मावते, हे मला सगळ्यात आवडलं.

आता तक्रारी. शीट कोपऱ्यात नीट बसत नाहीत, पहिल्या आठवड्यात पहाटे बघतो तर निम्मे पतंग तिथूनच निघून गेलेले, मग दाराला लावतात ती फोमची पट्टी आणून चिकटवली तेव्हा थांबलं. बल्बावर पावसाचं झाकण दिलेलंच नाही, आणि मँचेस्टरमधे पावसाशिवाय रात्र किती मिळते ते इथे राहणाऱ्याला विचारा. एका बाजूचं प्लाय पहिल्याच सीझनला फुगलं. विक्रेत्याला दोनदा मेल केल्यावर तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, बदलून काही दिलं नाही. वायर तीन मीटरची आहे, बागेत लावायला एक्स्टेंशन लागतंच, ते बाहेरच्या वापराचं आणि शॉक लागायच्या आधी ट्रिप होणारंच घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पण ज्यासाठी घेतला ते मिळालं. जूनचा दुसरा आठवडा, रात्र ढगाळ, वारा पडलेला आणि इथल्या मानाने उबदार, अशाच रात्री पतंग जास्त येतात. सकाळी पावणेपाचला उठावं लागतं कारण तेव्हाच उजाडतं आणि आमच्या इथला एक रॉबिन पक्षी ट्रॅपची वेळ शिकून बसलाय, तो आपल्या आधी नाश्ता करून जातो. त्या दिवशी तिसऱ्या ट्रेमधे पेपर्ड मॉथ बसला होता, दूधपोळीवर मिरपूड भुरभुरल्यासारखा, पंख पसरून दोन इंच. नर होता, मिशा पिसासारख्या. उजेडाला येतात ते बहुतेक नरच. मोठे झाल्यावर हे पतंग काहीच खात नाहीत, सगळी शिदोरी सुरवंटपणीच भरून घेतलेली असते.

खरी गंमत ट्रॅपमधे नाहीये, ती सोडल्यावर आहे, आणि हे कुठल्याच प्रॉडक्ट पेजवर लिहिलेलं नसतं. लेकीने त्याला बर्चवर नेऊन ठेवलं. मला वाटलं पुस्तकातल्यासारखा खोडावर बसेल. तो चालत चालत वर गेला आणि एका आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला, जिथे ती खोडाला मिळते तिथे, जाऊन चिकटला. पंख सालीला इतके सपाट लावले की कडेची सावलीसुद्धा पडेना. मी मोबाइल आणायला आत गेलो, परत आलो तर दिसेना. फांदी माहीत, जागा माहीत, तरी दहा मिनिटं शोधत होतो, शेवटी लेकीलाच सापडला.

नंतर कळलं की यावर वाद झाले होते. 1950 च्या दशकात केटलवेल नावाच्या शास्त्रज्ञाने, पक्षी कुठल्या रंगाचा पतंग जास्त टिपतात ते बघायला, पतंग खोडांवर सोडून प्रयोग केले, त्यावर टीका झाली की पतंग मुळात तिथे बसतच नाहीत. मग केंब्रिजला मायकल मॅजेरस या शास्त्रज्ञाने सहा वर्षं, तब्बल 4864 पतंग आपल्या बागेत रात्री सोडून, ते स्वतः जागा निवडून बसल्यावर पक्षी कोणाला खातात ते मोजलं. बरेचसे फांद्यांवर बसतात, काही खोडावरही, आणि स्वच्छ हवेतल्या झाडांवर काळेच जास्त मारले जातात. 2009 मधे ते गेले, निकाल सहकाऱ्यांनी 2012 मधे छापला. एका माणसाने बागेत पहाटे उठून केलेलं काम आहे हे, मला त्याचा फार आदर वाटतो.

काळा मला दोन उन्हाळ्यांत एकही मिळालेला नाही. याच शहरात 1848 मधे काळा पकडल्याची प्रसिद्ध नोंद आहे, 1895 पर्यंत इथले 98 टक्के काळे होते, कारण गिरण्यांच्या धुराने झाडांवरची दगडफुलं मेली आणि साली काजळल्या. 1956 च्या क्लीन एअर ॲक्टनंतर हवा सुधारत गेली तसे पांढरे परत आले. काजळी अंगाला लागून पतंग काळा होतो असं माझ्या वर्गात निम्म्या पोरांना वाटायचं, तसं नाहीये, तो जन्मतःच काळा असतो. कॉर्टेक्स नावाच्या जीनमधे डीएनएचा एक उडता, म्हणजे जागा बदलणारा तुकडा घुसल्यामुळे, हे लिव्हरपूलच्या लोकांनी 2016 मधे शोधलं. भाच्याला हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं, साडेसात मिनिटांची झाली.

पाचपैकी साडेतीन देईन, फोम आणि पावसाचं झाकण स्वतः करायची तयारी असेल तर घ्या. सोडताना दाट झाडीत सोडा, उघड्या हिरवळीवर नको, आणि एकाच जागी रोज लावू नका, पक्षी शिकतात. बर्चची तुटलेली काटकी वाटावी असा बफ-टिप नावाचा पतंग आला तर ट्रे झटकू नका, कचरा समजून मी एकदा टाकणार होतो.

आणि पेपर्ड मॉथचा सुरवंट बघायचा असेल तर ट्रॅपचा काही उपयोग नाही. तो हुबेहूब काटकीसारखा ताठ उभा राहतो, हिरव्या फांदीवर हिरवा, तपकिरीवर तपकिरी, रंग बदलायला काही दिवस घेतो. 2019 मधे छापून आलेल्या एका प्रयोगात त्याच्या डोळ्यांवर काळा रंग लावून बघितलं तरी तो बरोबर रंग धरत होता, म्हणजे कातडीनेही बघतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधे बर्चच्या खालच्या फांदीखाली पांढरी चादर धरायची आणि फांदी काठीने हलकेच झटकायची, चादरीवर पडलेली एखादी काटकी थोड्या वेळाने चालायला लागते.